टकळी आणि मुळाक्षरे

सरकारी नोकराची बदली होते तेव्हा हुकूम एकाच्या नावाचा निघतो, पण गाव मात्र सगळ्या घराला बदलावे लागते. नव्या गावात आम्हां नोकरदारांचे फारसे अडत नाही. कचेरीतली टिपणे इंग्रजीत किंवा हिंदीत लिहावयाची असतात. वरचे साहेब बहुधा तिसऱ्याच प्रांतातले असतात. शिपाई दोन महिन्यांत आमची मोडकी बोली समजू लागतो. मुलांना शाळा असते आणि खेळावयास अंगण असते. सहा महिन्यांत ती त्या गावची होऊन जातात. मागे राहते ती घरातली बाई. तिला नवी भाषा मिळते ती भाजीवाल्याकडून, तीही दहा-वीस शब्दांपुरती.

हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. परंतु ठाऊक असणे निराळे आणि कळणे निराळे. आमची बदली कलकत्त्यास झाली त्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही हिशेबतपासणीच्या पथकाबरोबर आसनसोलला गेलो होतो. तीन वर्षांचा मुलगा रात्री तापाने फणफणला. सौभाग्यवती त्याला घेऊन जवळच्या डॉक्टरांकडे गेल्या. बरोबर आठ वर्षांची मुलगी. डॉक्टर पुनःपुन्हा 'जॉर, जॉर' असे काही विचारीत होते. बंगाली मनुष्य ज्वर हा शब्द 'जॉर' असा उच्चारतो हे सौ.ना कोठून ठाऊक असणार? त्यांना वाटले, मुलाच्या अंगात जोर आहे का असे हे विचारीत आहेत. म्हणून त्या मान हलवून 'नाही, अगदी नाही' म्हणत राहिल्या. अखेर मुलगी पुढे झाली. ताप केव्हापासून, उलट्या किती, औषध कोणते दिले, हे सारे तिने बंगालीत सांगितले. मुलगा चार दिवसांत खेळू लागला. परंतु आम्ही परत आल्यावर सौ.नी जी हकिकत सांगितली तीत तापाला दोनच वाक्ये मिळाली. त्यांच्या मनाला लागले होते ते मुलीचे एक वाक्य. डॉक्टरांच्या समोर ती म्हणाली होती, "आई, तू बोलू नकोस. मी सांगते."

त्यानंतर काही शनिवार आम्ही अलीपूरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात घालविले. परमुलखात येऊन पडलेल्या बायकांना तेथली भाषा कोणी, कशी शिकविली, याची कोठे काही हकिकत सापडते का, ते पाहावे असे मनाने घेतले होते. पदवीपुरता इतिहास वाचलेल्या कारकुनाच्या शोधाला जेवढी खोली असावयाची तेवढीच यालाही होती. परंतु वाचता वाचता आम्ही अमेरिकेतल्या शिकागो शहरी, हॉलस्टेड नावाच्या रस्त्यावरच्या एका जुन्या घराशी येऊन थांबलो आणि बराच काळ तेथेच राहिलो.

त्या घराचे नाव हल हाउस. चार्ल्स हल नावाच्या गृहस्थाने ते १८५६ साली बांधले तेव्हा तो भाग शहराबाहेर होता. पुढे शहर वाढत आले आणि घराच्या चारी अंगांना कारखाने, दाट चाळी आणि परदेशांतून आलेली गरीब माणसे यांची गर्दी झाली. १८८९ सालच्या सप्टेंबर महिन्यात जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार या दोन मैत्रिणी तेथे राहावयास आल्या तेव्हा घराच्या एका बाजूस दारूचे दुकान आणि दुसऱ्या बाजूस प्रेतसंस्काराचे सामान पुरविणाऱ्याची पेढी होती. घराच्या माळ्यावर भूत आहे असाही प्रवाद होता. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू माळ्याच्या जिन्यात पाण्याने भरलेला मोठा तांब्या ठेवीत, कारण भुताला पाणी ओलांडता येत नाही. कोकणातली भुते याहून धीट असावीत.

जेन ॲडम्सचा जन्म १८६० सालचा. घरची सुस्थिती, वडिलांच्या मागे मिळालेला पैसा, रॉकफर्ड येथे झालेले शिक्षण. आणि एवढे शिकून आता करावयाचे काय, हा प्रश्न. त्या काळी सुशिक्षित अमेरिकन मुलीने युरोपचा प्रवास करावा, चित्रे पाहावी, संगीत ऐकावे, आणि परत येऊन दिवाणखान्यात बसावे, असा रिवाज होता. तिनेही प्रवास केला. परंतु १८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपेल या दरिद्री वस्तीतले टॉइन्बी हॉल तिने पाहिले आणि तिच्या मनातल्या विचाराला आकार आला. सॅम्युअल बार्नेट हा पाद्री आणि त्याची पत्नी हेन्रिएटा यांनी ते १८८४ साली सुरू केले होते. कल्पना साधी होती. विद्यापीठात शिकलेल्या तरुणांनी गरिबांच्या वस्तीत दानधर्म करावयास जाऊ नये, तेथे शेजारी म्हणून राहावे. राहिले म्हणजे काय करावयाचे ते आपोआप कळते. शिकागोतल्या या दोघींनी तेच केले. हलच्या मागे ते घर हेलन कल्व्हर या बाईच्या मालकीचे झाले होते. तिच्याकडून त्यांनी आरंभी घराचा काहीच भाग भाड्याने घेतला. पुढे तिने भाडे घेणेच सोडून दिले.

आजूबाजूस कोण राहत होते याचे वर्णन ॲडम्सबाईंनी करून ठेवले आहे. नदीपर्यंतच्या भागात दहाएक हजार इटालियन, दक्षिणेस जर्मन, आडगल्ल्यांत पोलंड आणि रशिया येथून आलेले यहुदी, त्यांच्याही पलीकडे बोहेमियन लोकांची एवढी मोठी वसाहत की बोहेमियन शहरांत शिकागोचा क्रमांक तिसरा लागे. आयरिश होते, कॅनडातले फ्रेंच होते. एका रस्त्यावर एवढ्या भाषा आणि एकीचे दुसरीला कळू नये! आमच्या सरकारी वसाहतीच्या जिन्यात मल्याळी, तेलुगू, ओडिया, पंजाबी आणि मराठी अशी पाच बिऱ्हाडे आहेत. तेव्हा हे वाचताना आम्हांस फार दूर गेल्यासारखे वाटले नाही.

पहिल्याच आठवड्यांत स्टारबाईंनी तरुण मुलींसाठी जॉर्ज इलियटच्या 'रोमोला' कादंबरीचे वाचन सुरू केले. हसू येईल, परंतु सुशिक्षितांना दुसऱ्यास देण्याजोगे प्रथम सुचते ते स्वतःच्या आवडीचे पुस्तकच. मुली आवडीने येत, ही गोष्ट वेगळी. त्यांच्या मागोमाग शेजारणी आल्या आणि मग कामाचे खरे स्वरूप दिसू लागले. कामावर जाणाऱ्या आयांची मुले सांभाळावयास हवी होती. म्हणून बालवर्ग निघाला, पाळणाघर निघाले. इंग्रजीचे वर्ग संध्याकाळी भरू लागले. शिकविणाऱ्यांना पगार नव्हता. घरात राहणारे 'रहिवासी' स्वतःच्या जेवणाखाण्याचा खर्च स्वतः देत आणि फावल्या वेळात शिकवीत. शहरातून आणखी स्वयंसेवक येत. दुसऱ्या वर्षाच्या सुमारास आठवड्याला दोनेक हजार माणसांचा राबता त्या घरात असे. पुढे एका घराची तेरा घरे झाली.

परंतु आमचे लक्ष होते बायकांकडे. त्यांच्यापर्यंत इंग्रजी पोचण्यास एवढा वेळ का लागावा? कारण उघड होते. नवरा कारखान्यात जाई. शिव्या आणि हुकूम यांतून का होईना, त्याला भाषा मिळे. मुले शाळेत जात. बाई चाळीतल्या खोलीत बसून ठेकेदाराने आणून टाकलेले कपडे शिवी, आणि शेजारीण आपल्याच गावची असल्यामुळे तिला दुसऱ्या भाषेची गरज भासत नसे. गरज भासत नसे म्हणजे, गरज पडेल अशा जागी ती जातच नसे. ॲडम्सबाईंच्या 'हल हाउसमधील वीस वर्षे' या १९१० सालच्या ग्रंथात एका इटालियन बाईची हकिकत आहे. ही बाई हल हाउसमधल्या एका समारंभास आली. तेथे लाल गुलाबांच्या फुलांची सजावट होती. फुले पाहून तिला अतोनात आनंद झाला, आणि इटलीहून ती इतकी ताजी कशी आणली याचे नवल वाटले. ही फुले येथलीच, असे सांगितले तर तिला ते खरेच वाटेना. आपण शिकागोत सहा वर्षे काढली, एकही गुलाब पाहिला नाही, असे ती म्हणाली. आणि तिच्या घरापासून दहा गल्ल्यांच्या आत फुलांचे दुकान होते. पाच सेंट देऊन ट्रामने सार्वजनिक बागेत जाता येत होते. आपण होऊन निघावे असे तिच्या मनात कधी आले नाही, आणि तिला कोणी नेले नाही.

ही हकिकत आम्ही सौ.ना वाचून दाखविली. त्यांनी विचारले, "येथे बोटॅनिकल गार्डन आहे म्हणतात, ते कोठे?" आम्ही गप्प बसलो. पुढच्या रविवारी शिवपूरला जाऊन आलो.

हल हाउसच्या मंडळींच्याही चुका झाल्या, आणि त्या लपविल्या नाहीत हा ॲडम्सबाईंच्या लेखनातला मोठा गुण आहे. पौष्टिक आणि स्वस्त अन्न शास्त्रीय पद्धतीने शिजवून विकावे म्हणून त्यांनी एक सार्वजनिक स्वयंपाकघर काढले. शेजारणींनी त्या सुपांकडे पाठ फिरविली. एकीने तर स्वच्छच सांगितले की, पौष्टिक असते ते खाण्यापेक्षा आपल्याला जे खावेसे वाटते तेच आपण खाणार. शिकविणाराला वाटते की समोरच्या बाईजवळ काही नाही, म्हणून तर ती आपल्याकडे आली. वास्तविक तिच्याजवळ पुष्कळ असते. फक्त ते या गावच्या भाषेत नसते.

हे ज्या प्रसंगाने ॲडम्सबाईंना उमगले तो आम्हांस साऱ्या इतिहासात अधिक मोलाचा वाटतो. एके दिवशी पोक रस्त्याने जाताना त्यांनी एका म्हाताऱ्या इटालियन बाईला सूत कातताना पाहिले. हातात साधी टकळी होती, आपल्याकडे गांधीजींच्या काळी घरोघर फिरली तशी, आणि चेहऱ्यावर गावची आठवण दाटलेली. त्याच वस्तीतल्या तरुण मुली कापडाच्या आणि शिलाईच्या कारखान्यांत कामाला जात. या सुताशी आपल्या यंत्राचा काही संबंध आहे हे त्यांच्या गावीही नव्हते. आणि ज्यांची आई टकळी फिरवी त्यांना तिची लाजच वाटे. यातून १९०० साली हल हाउसमध्ये 'श्रमांचे संग्रहालय' उभे राहिले. त्यात काचेच्या कपाटांना महत्त्व नव्हते. सीरिया, ग्रीस, इटली, रशिया, आयर्लंड येथल्या बायका स्वतः बसून आपापल्या पद्धतीने कातून दाखवीत, विणून दाखवीत. ज्यांना इंग्रजी बोलता येत नसे त्या बायका हातांनी शिकवीत.

त्या बायकांतल्या एकीची मुलगी अँजेलिना. ती दर शनिवारी संध्याकाळी त्याच इमारतीत पाकशास्त्राच्या वर्गाला येई. आई पुढल्या दाराने जाई. मुलगी मात्र वळसा घालून बाजूच्या दाराने आत शिरे. डोक्याला रुमाल, पायांत ओबडधोबड बूट आणि आखूड घागरा, अशा बाईची आपण मुलगी हे वर्गातल्या मैत्रिणींना दिसू नये, म्हणून. एका संध्याकाळी तिने पाहिले की शिक्षणशास्त्राचे काही अभ्यासक आईभोवती जमले आहेत आणि तिच्या कसबाची वाखाणणी करीत आहेत. त्यांच्या बोलण्यावरून तिने अनुमान काढले की आपली आई टकळीवर कातण्यात सबंध अमेरिकेत पहिली असली पाहिजे. त्यानंतर पलंगाखालच्या मोठ्या पेटीत लपविलेले हातकताईचे सुरेख कपडे आईने बाहेर काढले तर अँजेलिनाने हरकत घेतली नाही, आणि ती आईच्याच दाराने आत येऊ लागली.

येथे आम्हांस आसनसोलहून परतल्यावर ऐकलेले वाक्य आठवले. आमची मुलगी अँजेलिनाएवढी कठोर नाही. तिने मदतच केली होती. परंतु मुलांना भाषा आधी यावी आणि आईला नंतर यावी, किंवा येऊच नये, म्हणजे घरातल्या वडीलधारेपणाची मांडणीच उलटी होते. आई मुलाच्या तोंडाने बोलू लागते. मुलाला ते ओझे होते आणि आईला तो अपमान होतो. दोघांनाही त्याचे नाव सांगता येत नाही.

हल हाउसच्या वर्गांत शिकलेल्या एका बाईने स्वतःची हकिकत लिहून ठेवली आहे. हिल्डा सॅट ही पोलंडमधल्या यहुदी कुटुंबातली मुलगी १८९२ साली, दहाव्या वर्षी, शिकागोस आली. वडील वारले, शाळा सुटली, आणि कोवळ्या वयातच ती विणकामाच्या कारखान्यात रुजू झाली. लहानपणी कोणी तिला हल हाउसमधल्या नाताळच्या मेळाव्यास नेऊ लागले तेव्हा ती भ्याली होती. ख्रिस्ती लोकांच्या सणात यहुद्यांना मार बसतो, असा तिच्या जुन्या गावचा अनुभव होता. येथे तिला दिसले की निरनिराळ्या देशांची मुले एकत्र बसली आहेत आणि कोणी कोणाला मारीत नाही. पुढे संध्याकाळच्या वर्गांत ती इंग्रजी शिकली, काही महिने शिकागो विद्यापीठात गेली, आणि मग त्याच घरात नव्याने आलेल्यांना इंग्रजी शिकवू लागली. वर्गात बसलेली बाई वर्ग घेणारी झाली, यापेक्षा अशा वर्गांचे सार्थक दुसरे कोणते? तिच्या आठवणींना तिच्या हयातीत प्रकाशक मिळाला नाही. ती १९६७ साली वारली आणि तिच्या मुलीने सिद्ध केलेले पुस्तक १९८९ साली बाहेर आले. आम्हां कारकुनांना यात नवल नाही. काही कागद टेबलावरून हलावयास असाच वेळ घेतात.

या उत्साहाला लौकरच निराळे वळण लागले, आणि ते नजरेआड करून चालणार नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत परक्यांना 'अमेरिकन करण्याची' चळवळ जोरात आली. हेन्री फोर्डच्या हायलँड पार्क येथील कारखान्यात १९१४ साली कामगारांसाठी इंग्रजीची शाळा निघाली. तेथेही शिकविणारे कारखान्यातलेच स्वयंसेवक होते. परंतु पदवीदानाचा थाट असा की रंगमंचावर एक प्रचंड कढई मांडीत. कामगार आपापल्या देशाच्या वेषात तीत उतरत, आणि अमेरिकन पोषाख घालून, हातात निशाण घेऊन बाहेर येत. टकळी बघावयास थांबण्याची कल्पना एकीकडे आणि ही कढई दुसरीकडे! दोन्ही ठिकाणी शिकविले जात होते ते इंग्रजीच.

कॅलिफोर्निया राज्याने १९१५ साली कायदा करून बायकांसाठी 'गृहशिक्षिका' नेमण्याची सोय केली. दर पाचशे विद्यार्थ्यांमागे अशी एक शिक्षिका नेमता येई. तिने घरी जाऊन आयांना इंग्रजी शिकवावयाचे. त्याचबरोबर स्वच्छता, अन्नाची खरेदी, स्वयंपाक, कपडे आणि राज्यव्यवस्थेची तत्त्वेही. घरी जाणे हे फार शहाणपणाचे होते, कारण बाई वर्गापर्यंत येत नसेल तर वर्गाने तिच्यापर्यंत जावे. परंतु मेक्सिकन बाईच्या चुलीपाशी बसून तिला काय शिजवावे हे सांगताना त्या शिक्षिकांना हल हाउसच्या सुपांची आठवण झाली असती तर बरे झाले असते.

मिलवॉकी गावची एक गोष्ट याच्या उलट आहे. तेथे लिझी ब्लॅक कँडर ही बाई परदेशांतून आलेल्या यहुदी मुलींचे स्वयंपाकाचे वर्ग घेई. फळ्यावरची कृती उतरून घेण्यात मुलींचा वेळ जातो म्हणून त्या छापून काढाव्या असे तिने ठरविले आणि कार्यकारी मंडळाकडे अठरा डॉलर मागितले. मंडळाने नकार दिला. मग जाहिराती मिळवून तिने १९०१ साली पुस्तक छापले. पहिल्या आवृत्तीच्या हजार प्रती निघाल्या. ते पुढे लाखांनी खपले आणि त्या पैशाचा संस्थेच्या नव्या इमारतीस हातभार लागला. अठरा डॉलरांची मागणी नामंजूर करणारी मंडळे सर्व देशांत आणि सर्व काळी असतात.

बायकांच्या इंग्रजीला कायद्याने निकड आणली ती १९२२ साली. तोपर्यंत परदेशी बाईचा नवरा अमेरिकेचा नागरिक झाला की तीही आपोआप नागरिक होई. १९०६ च्या कायद्याने नागरिकत्वासाठी इंग्रजी बोलता येणे आवश्यक केले होते; पण ती परीक्षा नवऱ्याची होती. १९२० मध्ये बायकांना मताधिकार मिळाला आणि १९२२ च्या केबल कायद्याने पत्नीचे नागरिकत्व पतीच्या नागरिकत्वापासून वेगळे केले. न्याय्य गोष्ट होती यात शंका नाही. पण परिणाम असा की चुलीपाशी बसलेल्या बाईला आता स्वतः न्यायाधीशापुढे उभे राहून इंग्रजीत उत्तरे द्यावी लागणार. शिकण्याची वेळ येईपर्यंत तिला कोणी विचारले नव्हते. पाठोपाठ १९२४ च्या कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांची संख्याच अगदी आखडून टाकली, आणि त्या पिढीचे वर्ग ओसरत गेले.

ॲडम्सबाईंना १९३१ साली शांततेचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९३५ साली त्या वारल्या. विद्यापीठाच्या नव्या आवारासाठी साठीच्या दशकात हल हाउसच्या बहुतेक इमारती पाडल्या गेल्या. मूळ घर आणि भोजनगृह एवढे राखून तेथे संग्रहालय केले आहे. संस्था दुसरीकडे काम करीत राहिली होती. तीही २०१२ सालच्या जानेवारीत पैशाअभावी बंद पडली.

इंग्लंडमध्ये ही कथा पुढे आपल्याच लोकांपाशी येऊन पोचते. पंजाब, गुजरात, पाकिस्तान येथून गेलेल्या कुटुंबांसाठी बी.बी.सी.ने १९६५ साली हिंदुस्तानीतून एक कार्यक्रम सुरू केला. त्याच्या नावात 'अपना ही घर समझिए' असे शब्द होते. नाव उदार खरे. घर समजावयाचे, पण भाषा यजमानाची शिकून. सत्तरीच्या दशकात तेथे घरोघर जाऊन आशियाई बायकांना इंग्रजी शिकविणाऱ्या स्वयंसेविकांची कामे ठिकठिकाणी उभी राहिली. आठवड्यातून एकदा एखादी शेजारीण येई, स्वयंपाकघरातच बसे, आणि दवाखान्यात काय बोलावयाचे, शाळेतून आलेली चिठ्ठी कशी वाचावयाची, हे शिकवी. आमची एक आतेबहीण हल्ली अमेरिकेत न्यू जर्सीत असते. ती येथली पदवीधर. इंग्रजी उत्तम वाचते. परंतु नवऱ्याच्या नोकरीच्या जोरावर गेलेल्या बायकांसाठी गावच्या वाचनालयात स्वयंसेविका जो संभाषणाचा वर्ग घेतात त्यास ती पहिले वर्षभर नेमाने जाई. "व्याकरण मीच त्यांना सांगत असे," असे तिने लिहिले होते, "पण आठवड्यात नवऱ्याखेरीज कोणाशी तरी बोलणे होई."

महाराष्ट्राला या विषयात सांगण्यासारखे नाही असे मात्र कोणी समजू नये. रमाबाई रानड्यांना पुण्यात मिस हर्फर्ड इंग्रजी शिकवीत, आणि घरातल्या वडील बायकांचा त्यावर केवढा रोष होता हे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकाच्या वाचकांस ठाऊक आहे. तेही १९१० सालीच निघाले. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला वाँटेजच्या मठात जाऊन राहिल्या तेव्हा तेथल्या भगिनींकडून त्या इंग्रजी शिकल्या आणि त्यांना मराठी शिकविली. असा रोख व्यवहार आम्हांस फार आवडतो. त्यात उपकार कोणाचेच नाहीत.

आणि कलकत्त्यात राहून एक गोष्ट विसरून चालणार नाही. सत्येंद्रनाथ ठाकूर मुंबई इलाख्यात सनदी अधिकारी होते, म्हणजे आपल्याच जातीचे, बदलीचे प्राणी. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी १८६४ साली मुंबईस आल्या तेव्हा आरंभी एका पारशी कुटुंबात राहिल्या आणि परमुलखातले रीतिरिवाज शिकल्या. पुढे १८७८ साली, विलायतेस जाण्यापूर्वी धाकट्या रवींद्राचे इंग्रजी सुधारावे म्हणून सत्येंद्रनाथांनी त्याला मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी ठेवले. डॉक्टरांची विलायतेत शिकून आलेली कन्या अन्नपूर्णा हिने त्याला इंग्रजी बोलावयास शिकविले. रवींद्रनाथांच्या मनात तिची आठवण उतारवयापर्यंत राहिली. बंगाली स्नेह्यांपुढे आम्ही ही गोष्ट संधी मिळेल तेव्हा सांगतो, सौ.च्या मते, संधी नसतानाही सांगतो.

आमच्या वसाहतीत गेल्या वर्षीपासून एक वर्ग चालतो. पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या एक सेवानिवृत्त शिक्षिका दर बुधवारी संध्याकाळी येतात आणि वसाहतीतल्या सात-आठ बायकांना बंगाली शिकवितात. पैसे घेत नाहीत. पहिल्या महिन्यात त्यांनी मुळाक्षरे काढली तेव्हा वर्ग निम्मा झाला. मग त्यांनी अक्षरे बाजूला ठेवली आणि विचारले, "तुम्हांला कोठे अडते?" एकीला रिक्षावाल्याशी अडत होते, एकीला शाळेतल्या बाईंशी. सौ.नी डॉक्टरांचे सांगितले. तो धडा त्यांनी त्याच दिवशी घेतला. अक्षरे मग बायकांनीच मागून घेतली. बसवरच्या पाट्या वाचता येत नाहीत म्हणून. लहान मुलांमुळे वर्ग मोडतो हेही थोड्या दिवसांत दिसून आले. हल हाउसने हे पहिल्याच वर्षी ओळखले होते. आता आमची मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी धाकट्यांना आतल्या खोलीत सांभाळतात.

आतल्या खोलीत, म्हणजे आमच्याच. पूर्वी वर्ग खालच्या सामाईक खोलीत भरे. ती खोली कॅरमसाठी हवी असे रहिवाशांच्या समितीत ठरले, तेव्हा सौ.नी वर्ग घरी आणला. त्यामुळे बुधवारी आम्हांस साडेसातपर्यंत घरात मज्जाव असतो. कचेरीतून आलो की पिशवी जिन्यापाशी ठेवून आम्ही खाली बाकावर बसतो. तेलुगू बिऱ्हाडाचे राव आणि पंजाबी सरदारजी हेही तेथेच असतात. परवा पाऊस येईल असे वाटत होते, हवा कोंडली होती, आणि वरच्या खिडकीतून पाच प्रांतांच्या सात बायका बाईंच्या मागून मोठ्याने म्हणत होत्या, "आमार छेलेर जॉर होयेछे." माझ्या मुलाला ताप आला आहे. बाईंचे समाधान होईना. त्यांनी पुन्हा म्हणावयास लावले.

राव म्हणाले, "तुमच्या मिसेसचा आवाज सर्वांत मोठा आहे."

आम्ही म्हणालो, "होय."